कुठल्या महिन्यात

नदी चाळीस मीटर रुंद आहे.
माणूस सेकंदाला दोन मीटर पोहतो.
तर पैलतीरी जायला त्याला किती वेळ लागेल?

सातवीचा वर्ग. नारीन नदीच्या काठचं गाव.
शेगडीत वाळकं शेण, फळ्यावर निळ्या खडूची नदी,
आणि खिडकीबाहेर खरी.
पुस्तक दूर कुठल्यातरी सपाट मुलखात छापलेलं,
तिथं पाणी बहुधा एकाच वेगानं वाहत असावं.

बाकासनं वहीत लिहिलं:
कुठल्या महिन्यात?
जानेवारीत चालत जावं.
मे महिन्यात जाऊ नये, काकांचा घोडा गेला.
ऑगस्टात पलीकडे कुणी ओळखीचं असेल
तर हाक मारावी. ते दोर टाकतात.

उमसुनाईबाईंनी लाल शाईनं आडवी रेघ मारली.
शेजारी लिहिलं, वीस सेकंद.
खाली दिले दोन.

आपल्याकडे भोपळा देतात.
वाळका भोपळा पाठीला बांधला
तर पोरगं निदान तरंगतं तरी.
तिथं नापासाला दोन देतात.
दोन तरंगत नाही.

अठ्ठावीस वर्षांनी, निवृत्त झाल्यावर,
नणंद वारल्याचा निरोप पलीकडून आला.
मे महिना होता. पूल गेला होता.
बाई वीस सेकंदांच्या नदीकाठी
तीन दिवस बसून राहिल्या.
माती देऊन माणसं घरी गेलीसुद्धा.
तिसऱ्या दिवशी, पाण्याकडे बघता बघता,
त्यांना एका वहीचं पान आठवलं.
इतक्या वर्षांच्या हिशोबात
हातचा एक घ्यायचा राहून गेला होता.

शिक्षणाचा हेतू विशद करा,
असा प्रश्न अध्यापक विद्यालयात त्यांना आला होता.
अडीच पानं लिहिली होती.
पाचपैकी पाच.
आता त्यातलं एक वाक्य आठवेना.

बाकास आता सरकारी नोकरीत,
रोज सकाळी नदीत खुणांची काठी बुडवतो
आणि आकडा तालुक्याला कळवतो.
ज्याचं पाणी त्यांनी एका तासात जोखलं
तो जन्मभर पाणी जोखून पोट भरत होता.

त्यानं चहा ओतला. पाव मोडून पुढे ठेवला.
बाई म्हणाल्या, तुझं उत्तर बरोबर होतं.
वाक्य वाटेत पाठ केलं होतं,
तरी मध्येच अडखळलं.

तो हसला. कुठलं, एजे? मला नाही आठवत.
मग जरा थांबून,
पण तेव्हाच कधीतरी मी शहाणा झालो बघा.
शाळेत शाळेचं लिहायचं,
नदीवर नदीचं.
पोरीलाही तेच सांगतो. तुमचेच उपकार.

तो मनापासून बोलत होता.
टोमणा असता तर बाईंनी झेलला असता.
हातातली वाटी कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

जमिनीवर पालथी पडून बेगायिम गृहपाठ करत होती.
बाईंनी विचारलं, नदी चाळीस मीटर,
माणूस सेकंदाला दोन.
वीस सेकंद, मान वर न करता ती म्हणाली.
आणि ही आपली? ही बाहेरची?

आता मात्र तिनं मान वर केली.
बापाकडे पाहिलं.
मग वही मिटून वरचं नाव वाचलं, गणित,
आणि विचारलं,
ते कुठल्या विषयात येतं?

शेगडीवरचं पाणी उकळत राहिलं.
बाकासनं उगाच टेबलावरचे पावाचे कण गोळा केले.

बाई उठल्या. दाराशी बूट चढवायला
आता त्यांना भिंत धरावी लागते.
म्हणाल्या, बाकास, ती तुझी काठी जरा दे.
पोरी, तू पण चल.

वही घेऊ?

घे की.
मागची पानं कोरी असतील ना?