शेड नंबर सात, वाळूज

नावातच वाळू आहे, बाकी समुद्र नाही.
तरी शेड नंबर सातमध्ये एक जहाज उभं आहे,
म्हणजे जहाजाचं नुसतं पोट:
बॅटरीची तीन कपाटं, तांब्याची एक लांब पट्टी,
आणि पाणी कापणारी मोटर अजून आली नाही म्हणून
तिच्या जागी तापणाऱ्या तारांचा पिंजरा.
समुद्र आमच्यात फक्त मुबीनभाईंनी पाहिलाय.
मुरुडला. लातूरच्या नव्हे, त्या दुसऱ्या.
बूट भिजले, एवढंच सांगतात.

रात्री दोनला बंदर सोडलं.
मी वेग वाढवत नेला, पिंजरा लाल झाला.
तिन्ही कपाटांना एकच उतार दिलेला:
ओझं वाढलं की आपला दाब जरा खाली घ्यायचा,
तिघांनी सारखाच.
त्यांच्यात निरोपाची तार नाही.
पट्टीवरचा दाब उतरला
की ज्याचं त्याने समजायचं.
हे मीच लिहिलेलं. सारखं म्हणजे बरोबर,
असं धरून चाललेलो.

तिसऱ्यात जुने सेल, बेचाळीस टक्के भरलेले.
बाकीची दोन ऐंशीच्या घरात.
दोन छत्तीसला तिसरं रितं होऊन सुटलं,
त्याचं ओझं दुसऱ्यावर आदळलं, दोघांचं पहिल्यावर.
खट्. खट्.
खट्.
पिंजरा विझताना बराच वेळ टिणटिणत होता.
"बुडालं," मुबीनभाई म्हणाले, आणि चहा ओतला.

आईचं डायलिसिस, गाडीभाडं, इंजेक्शनं.
तीन भाऊ, तीन वाटे. वहीतल्या रेघा माझ्याच, पट्टीने मारलेल्या.
मोठा तहसिलीत, मी इथं,
वैजनाथची केजला रसवंती, उन्हाळ्यापुरती.
एक हप्ता चुकला नाही त्याचा.
मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "पाठवलेत."
आवाज जरासा खाली होता.
मी रेंजला दोष दिला.
चरकाची मोटर त्याने विकली,
हे परवा कुण्या गिऱ्हाइकाकडून कळलं.
तेव्हाही मी म्हणालो, सांगायचं तरी.

दुसऱ्या रात्री उतार बदलले.
ज्याच्यात कमी, त्याचा उतार खडा:
थोड्या ओझ्यालाच तो वाकतो,
उरलेलं भरलेल्यांकडे सरकतं.
कुणी कुणाला विचारत नाही.
पहिलं एकशे दहा अँपिअर, दुसरं एकशे चार,
तिसरं छत्तीस.
छत्तीसच. पण ते सुटलं नाही.

वीस मिनिटं झाली आणि वाळूजची लाईट गेली.
ट्यूब गेल्या, पंखे गेले, शेजारची प्रेस थांबली.
पिंजरा तेवढा लालभडक, कपाटांची बारीक गुणगुण,
आणि त्या उजेडात मुबीनभाईंची दाढी.
"आता खरा दर्या," ते म्हणाले.
पाऊण तास चाललो. तिघांचे टक्के
एकमेकांजवळ येत येत पंचविशीला टेकले.

पहाटे पाचला केजला फोन लावला.
"एवढ्या लवकर? आई बरी हाय ना?"
"बरी आहे. तुझं सांग."
"माझं काय."
पुढं तो काही बोलला नाही.
मागं मुबीनभाई केबल गुंडाळत होते,
मी त्यांना हातानेच थांबवलं
आणि फोन कानाला घट्ट धरला.