खडू पुसल्यावर

मंगळवारी लाईट नसते, माग गप्प.
वडगावची आमची गल्ली त्या दिवशी
स्वतःच्याच आवाजाला बिचकते.
दुपारी दस्तगीरच्या भट्टीतून शेवटचे पाव निघतात
आणि मागे राहिलेली धग फुकट जाऊ नये म्हणून
आम्ही बायका ट्रे घेऊन जातो.

माझ्या ट्रेत वांगी, देठ राखून चार चिरा दिलेली,
कांदे अख्खे, रताळी सालीसकट.
वर आईनं शिकवलेला मसाला:
रंगाला ब्याडगी, जाळाला संकेश्वरी,
दगडफूल, तीळ, करपायच्या आत उतरवलेलं खोबरं,
आणि धणे अंमळ जास्तच,
कारण ती कुणाचंच ऐकत नसे.

निलव्वा गुरेळ कुटून आणते,
लसूण न सोलता.
सोलला की मरतो, म्हणते.

खडूनं नावं घालायची.
मी मराठीत, निलव्वाची सून कन्नडात.
दस्तगीरची बायको काहीच लिहीत नाही,
तिचा ट्रेच वाकडा आहे.

आत तेल सुटतं. अक्षरं पुसतात.
तासाभरानं लांब फळीवरून बाहेर येतात
सगळेच काळे, सगळेच बिननावाचे,
आणि आम्ही वाकून वास घेत ओळखतो
कुणाचं काय.

चौकात पाट्यांवरून दगड पडले
तोही मंगळवारच होता.
दुकानं अर्धी मिटलेली, एसटी हद्दीपलीकडंच थांबलेली.
भट्टी मात्र तापलेली होती, म्हणून गेलो.
कुणी वाकलं नाही त्या दिवशी.
हाताला लागला तो ट्रे उचलला
आणि पदराखाली धरून घरी आलो.

दुसऱ्या घासाला दाताखाली गुरेळ आलं.

परत द्यायला मी गेलो नाही.
तीही आली नाही.
पोरांनी ताट पुसून खाल्लं,
म्हणाली, आज काय घातलीस गं?

पुढच्या मंगळवारी भट्टीच्या तोंडाशी
निलव्वा माझ्याकडे न बघता म्हणाली,
"हवीज भाळ हाकीदी."
मी म्हटलं, धणे आमच्यात असेच पडतात.
तुझा लसूण तेवढा सोलत बसावा लागला की.

दस्तगीर फळी सरकवत हसला असावा.
धूर होता, नीट दिसलं नाही.

हल्ली माझ्या ट्रेच्या कोपऱ्यात
लसणाच्या चार पाकळ्या असतात, सालासकट.
धणे मात्र मी कमी केलेले नाहीत.