मागून पोचणारी कुस्ती

बेटावदच्या जत्रेत, पांझरेच्या वाळूत
बांबूला रबराने मोबाइल बांधून
मी आखाड्याच्या कडेला उभा.
हलगी अगदी कानाशी,
म्हणून सुरतेहून कुणी लिहितं :
आवाज कमी कर ना भो.

दोनशे चौदा जण बघताहेत.
त्यातला एक हिलाल,
उधन्याला, लूमच्या खात्यात, रात्रपाळी संपवून.
भटूचा मोठा भाऊ.
परवाच्या सालापर्यंत स्वतः यायचा,
लंगोटाची गाठ दोनदा ओढून पाहायचा,
भटूच्या पाठीवर माती चोळायचा.
आता बदाम पाठवतो. लाल.
एकामागे एक, स्क्रीनच्या कडेने वर जाणारे.
खरे बदाम भटूने
तीन महिन्यांत पाहिलेले नाहीत.

सलामी झाली.
भटू पटात शिरला,
समोरच्या शिरपूरवाल्याने वरून ढाक लावली
आणि अख्खी नदी एकदम ओरडली.

चित.

पंचाने दुसऱ्याचा हात वर केला.
कुणी पाचशेची नोट त्याच्या फेट्यात खोचली.
भटू उठून बसला, कानातली वाळू काढत.

तेवढ्यात हिलालचं आलं :
धर त्याले! सोडू नको!

गावचं नेट.
इथलं तिथे पोचायला
अर्धा मिनिट तरी जातो.
माझं बोट अक्षरांवर गेलं
आणि तसंच राहिलं.
उधन्यात भटू अजून उभा होता,
पाय रोवून,
आणि बदाम चढत होते.

खांद्यावर टॉवेल टाकून तो माझ्याजवळ आला.
"दादा देखी ऱ्हायना व्हता का?"

"अजून देखी ऱ्हायना," मी म्हटलं.