चव बघायची नाही

कडोलीच्या माणसाला पान दिसलं की
तो आधी टोक खुडतो, दाताखाली धरतो.
मेथी कडवट झाली का, शेपू जून झाला का.
माझ्या बापानं तर मातीसुद्धा चाखून बघितलेली.
इथं, जांबोटी रस्त्याच्या काचघरात,
पहिल्याच दिवशी नीलगंगा मॅडम म्हणाल्या,
"भरमाण्णा, सगळं करा.
चव तेवढी बघायची नाही."

गुलाबी दिव्याखाली तेराशे रोपं.
ओळखीचीच.
हाच सालाडचा पाला पंधरा वर्षं
मी पहाटेच्या टेम्पोत भरला, ओल्या गोणपाटाखाली,
चोर्ल्याच्या घाटातून गोव्याच्या हॉटेलांसाठी.
ताटाच्या कडेला शोभेला ठेवायचे म्हणे,
खायचं कुणीच नाही.

आता त्याच पानात पटकीवरचं काहीतरी वाढतंय.
मॅडम कॉलरा म्हणतात, पेपरवाले गॅस्ट्रो.
आई पटकी म्हणायची, तेही हळू आवाजात,
जणू ती दाराशी उभी राहून ऐकतेय.

कसं वाढतं, विचारलं
तर मॅडमनी बंदूक दाखवली. मुठीत मावणारी.
आत सोन्याचे कण, डोळ्याला न दिसणारे,
त्यांच्यावर रोगाची एक खूण बसवायची,
नुसती खूण, रोग नव्हे,
आणि पानावर झाडायची.
मी हसलो. सोनं मारून स्वस्त औषध?
त्याही हसल्या. "एकदाच मारायचं.
पुढं बी आपलं आपण करतंय."
एवढं मात्र समजलं.
बी काय करतं ते कडोलीत कुणाला शिकवायला नको.

त्या सोप्पु म्हणतात, मी पाला.
त्या मद्दु म्हणतात, मी औषध.
वहीत माझी ओळ मराठी, खालची कन्नड,
आणि आकडे भांडायला नकोत म्हणून
दोघंही इंग्रजीत लिहितो.

मार्कंडेयाचं पाणी विहिरीत शिरलं त्या साली
नर्सबाई निळी पेटी डोक्यावर घेऊन आली होती,
कमरेएवढ्या पाण्यातनं.
शाळेत पेटी उघडली. बर्फाचं कधीच पाणी झालेलं.
बाटल्या एकेक उजेडात धरून बघितल्या तिनं,
मग काही न बोलता परत ठेवल्या.
रांगेत माझी बहीण निंगव्वा होती,
दंडावरची बाही आधीच वर सरकवलेली.
पुढच्या आठवड्यात ती गेली.
त्या बाटल्यांनी ती वाचली असती का, ठाऊक नाही.
वर सरकवलेली बाही तेवढी आठवते.

म्हणून यंत्रातनं वाळून निघालेली पानं बघतो,
चुरली की हिरवं पीठ, चिमूटभर एका कॅप्सूलमध्ये.
फ्रिज नको, बर्फ नको, सुई नको.
फळीवर हळदीच्या डब्याशेजारी ठेवली तरी चालेल.
"कितीला पडेल, मॅडम?"
"जमलं, तर बिडीच्या कट्ट्याएवढं."
"कधी?"
त्यांनी पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्याकडं बघितलं.
"आधी हे. मग माणसं. मग दिल्लीचे कागद.
दहा वर्षं. कदाचित नाहीच."
खोटं बोलत नाहीत, म्हणून मला त्या आवडतात.

संध्याकाळी उरलासुरला पाला कुकरात उकळून जाळायचा.
एकही पान बाहेर न्यायचं नाही.
हात दोनदा धुवायचे, खिसे उलटे करून दाखवायचे.
भाजीवाल्याच्या हातनं भाजी जाळून घेतात,
पहिले चार दिवस मला जेवण गेलं नाही.

काल घरी गंगव्वानं
बांधावरचा सालाड चिरून दाण्याचं कूट घातलं.
रेणू ताटाकडं बघत बसली.
"बाबा, हे तेच काय? खाल्लं की रोग होत नाही ते?"
"नव्हे बाळ. ही भाजी."
"मग ते कधी येणार?"
मी टोक खुडलं, दाताखाली धरलं,
घरातली सगळी माझ्याकडं बघत राहिली.

थोडं कडू आहे, म्हटलं.
दोन दिवस आधी काढायला पाहिजे होतं.