बंब

दसऱ्याचं सोनं अजून देव्हाऱ्यात सुकतंय
आणि पहाटे पंचगंगेवरनं गारवा
थेट आमच्या बोळात येऊन उभा राहतो.

बंब उपडा घातला.
गेल्या वर्षीची राख घसरली नळीतनं,
तिच्याबरोबर एक खिळा, नारळाची जळकी शेंडी
आणि एक पाल, माझ्यावरच रागावलेली.

चिंच, मीठ. खांदा भरून येईपर्यंत.
तांब्यात हळूहळू माझं तोंड उमटलं,
वाकडं, नाकाला मोठं.

"सोलर बसवा की वैनी," जिन्यावरनं दिलावर.
बसवू. धुक्याच्या दिवशी त्याच्या नळाला
काय येतं, ते ठाऊक आहे मला.

तोटी मात्र गळत होती.
ह्यांनी लेथवर काढलेली,
उद्यमनगरात, रात्रपाळीला, मालकाच्या पितळेतनं.
जन्मात चोरी म्हणायची तर एवढीच.
आता उजवा हात
कपाचा कान सापडेपर्यंत थरथरतो.
पापाच्या तिकटीला नवी मिळाली असती;
पण म्हणाले, आण इकडं.

आट्यांवर सूत गुंडाळलं, तेलाचं बोट फिरवलं.
मी बंब धरला, त्यांनी तोटी.
एकदा चुकली, दोनदा चुकली,
मग बोटांना
त्यांचं त्यांनाच काहीतरी आठवलं.

पाणी ओतलं.
दोघं उकिडवे बसून बघत राहिलो.
थेंब नाही.
थेंब नाही.
मग एक आला.
"तेवढा चालतोय," म्हणाले.

भुस्सा आहे, करवंट्या आहेत, मक्याची बुरकुंडं.
उद्या पहाटे जाळ घालीन.
धूर दिलावरच्या खिडकीत जाईल,
तासाभरात त्याचीच बादली खाली येईल.
आधी मात्र ह्यांचे हात,
कोपरापर्यंत.