टोटल लॉस

वडाळा नाक्यापाशी अश्फाकने ताडपत्री ओढली
आणि म्हणाला, आधीच सांगतो, मागनं कुरकुर नको:
विमा कंपनीच्या हिशेबात ही गाडी संपलीय.
शिक्का आहे.
शिक्का निळा होता, जरा तिरका,
घाईत मारलेला.

पुढचा फोर्क नवा. टाकी दुसऱ्याच कुठल्या गाडीची,
लाल, पण बाकीच्या लालाशी न जुळणारी.
स्पीडचा काटा चाळीसवर अडकलेला,
स्टँडवर उभी, आणि चाळीसचा वेग.

बावीस म्हणाला. सतरावर आला,
कारण मी विचारलं, चालवणाऱ्याचं काय झालं,
आणि तो पाना पुसत बसला.

आरसीवर नाव: निवृत्ती दगू शेवाळे, दिंडोरी.
घरी आल्यावर सीटखाली सापडली
द्राक्षाची विरळणी करायची कात्री, गंजलेली,
आणि औषधांच्या दुकानाची पावती, मागे फोन नंबर.
अंबडची दुसरी पाळी सुटल्यावर लावला.
वेळ चुकीची होती, कळत होतं.

मी म्हटलं, तुमची गाडी मी घेतली.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग तो म्हणाला,
ब्रेक दाबला की डावीकडे ओढते का अजून?
ओढते, मी म्हटलं.
होते सवय, म्हणाला.
आणि थंडीत चोक ओढून दोन मिनिटं थांबायचं,
पहिल्याच किकला मागे लागायचं नाही तिच्या.

कात्रीचं विचारायचं राहून गेलं.