ठिपका

ओझरच्या अलीकडे, शेड नंबर दोन.
फेब्रुवारीची रात्र, बाहेर द्राक्षांचे क्रेट,
आत पॅनलचं दार उघडं
आणि दाराला आतून चिकटवलेला कागद,
अमोनिया प्रिंट, निळा जांभळा होत गेलेला.
रेखाटन: य. मो. आहेर. तपासणी: तेच.

गांगुर्डे नाना म्हणाले, टेस्टर खिशात राहू दे.
आधी वाच.

मी सातपूरच्या आयटीआयमधून नुकती बाहेर पडलेली.
वाचलं, पाढे म्हणतात तसं:
वर्तुळात फुली, दिवा. वर्तुळात एम, मोटर.
चौकटीला दोन पाय, ए-वन ए-टू, कॉइल.
तीन आडव्या रेघा खाली आखूड होत गेलेल्या,
अर्थिंग. मला रामकुंडाच्या पायऱ्या आठवल्या.
नाना म्हणाले, पायऱ्या माणूस परत चढतो.
इथून वर काही येता कामा नये.

मग विचारलं, हा कॉन्टॅक्ट उघडा की बंद?
उघडा. रेघ तिरकी आहे, टेकलेली नाही.
कुठे उघडा?
कागदावर.
हां. कागदावर कायम वीज गेलेली असते.
आहेरांनी सगळं झोपलेलं काढलंय.
उठल्यावर कोण कुठे असेल
ते तू डोक्यात चालवायचं.

तक्रार साधी होती:
एक नंबरची खोली गार झाली
की दोन नंबरचा ब्लोअर थांबायचा.
अकरा महिने. दोन मिस्त्री येऊन गेलेले.
रिले बदललेला, थर्मोस्टॅट बदललेला,
एकाने नारळही फोडलेला, करवंटी अजून तिथेच.

चौदा नंबरच्या रेघेवरून बोट चालवत नेलं.
बावीस नंबर तिला छेदून जाते
आणि छेदते तिथे काळा ठिपका.
ठिपका म्हणजे भेट. नसला तर नुसतं ओलांडणं,
ओळखसुद्धा नाही.
शाळेत बाई सांगायच्या,
'रग'वर टिंब पडलं की 'रंग'.

नाना चष्मा कपाळावर सरकवून
कागदाला नाक लावून बघत राहिले.
आहेर ठिपका असा काढत नाहीत, म्हणाले.
त्यांचा गोल असतो, पेन टेकवून फिरवलेला.
हा लांबट आहे.
नखाने खरवड.

निघाला.

माशी बसली होती, कधीतरी, एखाद्या उन्हाळ्यात,
आणि कुणा मिस्त्रीने तिच्यावर विश्वास ठेवून
आत टर्मिनलवर इमानेइतबारे
लाल वायरचा तुकडा जोडला होता,
लग लावून, नंबर घालून, सुबक.

मेन पाडला. तुकडा काढला.
नानांनी कानावरची पेन्सिल दिली.
बावीसला चौदावरून छोटी उडी काढली,
अर्धवर्तुळ, ओढ्यावरच्या साकवाएवढं.
तारीख टाक, म्हणाले. नावही.
आहेरांच्या खाली, जरा वाकडं: प्र. शेवाळे.

मग मेन टाकला.
कॉन्टॅक्टर खट्‌ म्हणाला,
तिरक्या रेघा आत कुठेतरी टेकल्या
आणि कागद खोटा पडला,
पडायलाच हवा होता.